बाराचा वारा

झोपताना मी नाकावर मास्क लावते, ही गोष्ट पहिले कित्येक महिने मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या घरी यजमान उतरतात. नाशिककडचे, वऱ्हाडातले, कुणी थेट कोकणातून आलेले. आई-वडिलांचं तीर्थश्राद्ध करायला काशीला येतात, दोन दिवस आमच्याकडे राहतात, जेवतात, आणि जाताना माझ्याही पाया पडून जातात. अशा घरातली बाई नाकाला नळी लावून झोपते, हे सांगायचं कसं? दिवसा ते मशीन मी जुन्या साडीच्या तुकड्याखाली झाकून ठेवायची.

मशीन आणायला लावलं लेकीनं. ती इंदूरला असते. दिवाळीला आली तेव्हा माझ्याजवळ झोपली होती, आणि सकाळी चहा घेताना माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, झोपेत तुझा श्वास थांबतो गं. मी मोजलं. मग एकदम गुदमरल्यासारखी उठतेस आणि परत झोपतेस. तुला काहीच आठवत नाही?"

मला खरंच काही आठवत नव्हतं. फक्त सकाळी डोकं जड असायचं, तोंड कोरडं पडायचं.

"घोरते ती," हे म्हणाले. "तिची आईपण घोरायची. लग्नाच्या मांडवात घोरत होती."

"बाबा, हे घोरणं नाही."

लेकीनं ऐकलं नाही. दवाखान्यात नेलं, एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मग मेंदू घाबरून जागं करतो, आणि असं रात्रभर चालतं. म्हणजे मी आठ तास झोपले तरी झोपलेलीच नसते. उपाय एकच. मशीन नाकातून वारा सोडणार आणि त्या वाऱ्याच्या जोरानं घसा उघडा राहणार. जोर किती हवा, तो आकडा डॉक्टरांनी कागदावर लिहून त्याभोवती गोल केला. बारा.

माहेरी मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी वाचता येत नाही, पण इंग्रजी आकडे येतात. गॅसचे, फोनचे, सगळे येतात. बारा आकडा तर लगेच लक्षात राहिला, बारा ज्योतिर्लिंगं, त्यातलं एक आमच्या गल्लीच्या पलीकडे.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "क्या तकलीफ़ है, माताजी?" उत्तर यांनी दिलं. नेहमी हेच देतात. लग्न होऊन काशीच्या या दूधविनायक मोहल्ल्यात आले तेव्हापासून असंच आहे. भाजीवालीशी, दूधवाल्याशी मी हिंदीत भांडूसुद्धा शकते, पण खुर्चीवर बसलेल्या माणसानं काही विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मग मी यांच्याकडे बघते आणि हे माझ्या वतीनं बोलतात. मला त्याचा आधार वाटायचा. मला काय होतंय, ते मी न सांगता यांना कळतं, असं मी धरून चालले होते.

मशीन लावायला एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी समजावलं की वारा एकदम जोरात येणार नाही. सुरू केलं की चारपासून येईल, अगदी फुंकर घातल्यासारखा. मग अर्ध्या तासात हळूहळू चढत बारावर जाईल, तोवर तुम्हाला झोप लागलेली असेल. सकाळी उठलं की बटण दाबायचं. आतला आकडा बदलायचा नाही, ते काम आमचं.

आणि खरंच, पंधरा दिवसांत मी निराळी बाई झाले. माघ महिना होता, थंडी होती, तरी पहाटे टक्क जाग यायची. डोकं हलकं. जिन्यावरून पाणी घेऊन चढताना दम लागत नव्हता. तांदूळ निवडताना खडा आपणहून बोटाखाली यायचा. मला वाटलं, इतकी वर्षं मी कुठे होते?

आमच्या घरात माझं म्हणून एक काम आहे, ते इथे सांगायला हवं. श्राद्धाचे पिंड ज्या भाताचे करतात, तो भात मी शिजवते. स्नान करून, सोवळ्याचं लुगडं नेसून, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पितळी पातेल्यात. शेगडी गॅसचीच, पण जमिनीवर ठेवलेली, म्हणून पाटावर बसून करायचं. मीठ नाही, चव बघायची नाही, भात होईपर्यंत जागचं उठायचं नाही. तो भात घेऊन हे यजमानांबरोबर घाटावर जातात. सासूबाईंनी हे काम माझ्या हाती दिलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "लोक हजार मैलांवरून येतात ते ह्या मूठभर भातासाठी. लक्ष दे." मी पस्तीस वर्षं लक्ष दिलं. बाकी माझ्या हातून काय घडलं ते मला माहीत नाही, पण हे घडलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यजमानांची गर्दी असते. त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यात नुसती लाकडी फळ्यांची भिंत आहे. मशीनचा आवाज फार नसतो, पण मास्क नाकाच्या कडेला नीट बसत नव्हता. वारा जोरात आला की तिथून बारीक शिट्टी वाजायची. मला झोपेत कळायचं नाही. एका सकाळी एक जाडजूड यजमान पोह्यांची बशी हातात घेऊन हसत हसत म्हणाले,

"गुरुजी, काकू पहाटे तीनलाच कुकर लावतात का हो? आम्ही शिट्ट्या मोजत होतो. चार झाल्या, पाच झाल्या, डाळ काही शिजेना!"

त्यांची बायको पदर तोंडावर धरून हसली. हे पण हसले. मी स्वयंपाकघरात होते, माझे कान गरम झाले. हा विषय यांनी माझ्याजवळ कधी काढला नाही, मीही काढला नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी दुपारी मी वाती वळत बसले होते. खोलीत डोकावले तर हे चष्मा लावून मशीनसमोर उभे. साडीचा तुकडा बाजूला काढलेला, फोन खांद्यात धरलेला.

"काय करताय?" मी विचारलं.

हे दचकले. "काही नाही. धूळ बसली होती. पुसतोय."

आमच्या संसारात यांनी स्वतःची पूजेची ताम्हनं सोडली तर दुसरी वस्तू पुसलेली मला आठवत नाही. मी परत वातींशी येऊन बसले, पण मला इतकं बरं वाटलं की वाती वाकड्या वळल्या गेल्या. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा राहवेना, सांगून टाकलं.

"तुझे बाबा आज माझं मशीन पुसत होते."

"बाबा? पुसत होते?" ती इतकी हसली. "आई, खिडकीतून बघ, गंगा उलटी वाहतेय का!"

मीही हसले.

मग आषाढ आला आणि माझं डोकं पुन्हा जड व्हायला लागलं. आधी वाटलं, दमट हवा आहे. मग वाटलं, वय आहे. डाळ निवडता निवडता मान खाली जायची. श्रावणात घरामागच्या देवळात मंगळागौरीला बायका जमल्या होत्या, तिथे मी भिंतीला टेकून झोपले. जाग आली तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि एक म्हणत होती, "काकूंना उठवू नका गं, गौर जागवायला आपण आहोत." मी घरी येऊन रडले.

यांना म्हटलं, "मला पहिल्यासारखं व्हायला लागलंय."

"मशीन लावतेस ना?"

"रोज लावते."

"मग मशीन काय करणार? तू दिवसभर बसून असतेस. हालचाल कर. आळस चढतो माणसाला."

मी घाटाच्या पायऱ्या उतरून चढायला लागले. अहिल्याबाई घाटावर रोज सकाळी जाऊन यायची. पायरीवर बसले की तिथेही पेंग यायची. एकदा एका न्हाणाऱ्या बाईनं माझा खांदा धरून मागे ओढलं होतं. "अरे माई, गिर जाइएगा!" मी ते कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, मीच आळशी आहे. मशीनचा पैसा लेकीचा, मेहनत डॉक्टरांची, आणि मी अशी.

पितृपक्षात ते झालं. विदर्भातले चार भाऊ आले होते, आईचं श्राद्ध करायला. चौघांनी मुंडन केलेलं, सकाळपासून उपाशी, खालच्या खोलीत बसलेले. मी पाटावर बसून भात शिजवत होते. पातेल्यावरचं झाकण थरथरत होतं, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते करपल्याचा वास आणि यांचा दारातला आवाज.

"झोपलीस?"

भात खालून काळा झाला होता. पण नुसता भात करपला असता तर दुसरा टाकता आला असता. आमच्या घरची रीत अशी, की सोवळ्यात डोळा लागला की सोवळं मोडलं. बसलेली बाई, भात, पातेलं, शेगडी, सगळंच गेलं. पुन्हा स्नान, पुन्हा फरशी धुणं, पुन्हा पातेलं घासणं, मग भात. ते चार भाऊ दीड तास तसेच बसून राहिले. त्यांतला धाकटा म्हणाला, "गुरुजी, आमच्या आईचीच इच्छा नसेल का?" मला वाटलं, धरणी फाटावी.

संध्याकाळी हे म्हणाले, "उद्यापासून पिंडाचा भात पलीकडच्या गल्लीतल्या बाई करतील. मी सांगून आलोय. तुला आता झेपत नाही."

मी मान हलवली. मीच झोपले होते.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. चांगल्या आहेत, स्वच्छ आहेत, मला वाईट बोलल्या नाहीत. "पातेलं कुठलं घेऊ?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं.

सकाळी हातांना काम उरलं नाही. मग दुपारी तरी नीट झोपावं म्हणून मी एकदा उजेडातच मास्क लावून आडवी झाले. झोप आली नाही. त्या बाई बाहेर माझं पातेलं घासत होत्या, तो आवाज येत होता. मी डोळे उघडे ठेवून मशीनकडे बघत पडले. त्याच्या पुढच्या छोट्या पाटीवर आकडा चार होता. मग पाच झाला. बऱ्याच वेळानं सहा, मग सात. मग सातच राहिला. मी वाट बघितली. घंटाघराकडच्या शाळेची सुटीची घंटा झाली, तरी सात.

रात्री कधी मी हा आकडा बघितलाच नव्हता. चारवर मास्क लावायची, झोपायची, सकाळी बटण दाबायची. तो झोपेत चढतो असं सांगितलं होतं आणि चढत असणार, असं मी मानलं होतं.

हे आल्यावर मी म्हटलं, "मशीन सातवरच थांबतं हो. बाराला जात नाही."

हे उपरणं खुंटीला लावत होते. पाठ माझ्याकडे होती.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"डॉक्टरांच्या कागदावर बारा होतं."

"अगं, ते सुरुवातीला. मग कमी लागतं. शरीराला सवय होते."

आणि मी विश्वास ठेवला. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. त्या दिवशीसुद्धा मी विश्वास ठेवला. उलट बरं वाटलं, की मशीन बिघडलेलं नाही.

कार्तिकात ते दोरीच्या चष्म्याचे गृहस्थ आले. मास्कची नाकाजवळची मऊ गादी बदलायची होती. हे यजमानांना घेऊन भोसले घाटावर गेले होते. एरवी हे नसताना मी कुणाला आत घेतलं नसतं, पण ते जिने चढून आले होते, धापा टाकत होते. पाणी दिलं, मशीनवरचा कपडा काढला. त्यांनी दोन बटणं एकदम दाबून धरली, पाटीवर काहीतरी दुसरंच उघडलं.

"हाँ, सात। ठीक है।" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अब तो आराम है न, माताजी? अब हवा तेज़ नहीं लगती?"

मी म्हटलं, "तेज़ कब लगी?"

"आप ही ने तो कम करवाया था। गर्मी में पंडितजी का फ़ोन आया था। बोले, माताजी से हवा बर्दाश्त नहीं होती, रोने लगती हैं। डॉक्टर साहब से पूछ लिया है, सात करना है। मैं बाहर था, तो फ़ोन पर ही बता दिया, ये दोनों बटन साथ दबाइए।"

मी मशीनच्या बाजूला उभी होते. साडीचा तुकडा माझ्या हातात होता. मला दिसलं, हे चष्मा लावून उभे, फोन खांद्यात, दोन बोटं बटणांवर. धूळ बसली होती, पुसतोय.

"मैं नहीं रोई थी," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. ते गृहस्थ गोंधळले. "डॉक्टर साहब से नहीं पूछा था?"

"नहीं मालूम। मैं नहीं रोई थी।"

त्यांचा चेहरा उतरला. लगेच दवाखान्यात फोन लावला, तिकडच्या माणसानं कागद काढून वाचला. बारा. कधीच बदललेला नाही. मग फोन माझ्यासमोर धरला, पलीकडून कुणीतरी विचारत होतं की मरीज़ खुद काय म्हणतात. मी यांच्याकडे बघायला मान वळवली. सवयच ती. तिथे कुणी नव्हतं. मी फोनमध्ये म्हटलं, "दिन भर नींद आती है। गंगाजी में गिरते-गिरते बची। बारह कर दीजिए।"

त्यांनी बारा केला. जुनी गादी काढून ते बोटानं मोजत होते. "यह तो आपको बड़ी पड़ती है। सीटी बजती होगी?"

"बजती थी।"

"छोटी लगा देता हूँ, नहीं बजेगी। दस मिनट का काम था, बता देते।"

दहा मिनिटांचं काम.

जायला निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलं. "यह जो चार से चढ़ता है, वह बंद हो सकता है? शुरू से ही बारह आए।"

"हो सकता है। मगर मुँह पर एकदम ज़ोर से लगेगा, माताजी।"

"लगने दीजिए।"

हे दुपारी आले. पाय धुवायला पाणी दिलं, पंचा दिला, आणि मग विचारलं,

"मी कधी रडले?"

"काय?"

"वारा सोसत नाही म्हणून मी रडते, असं तुम्ही फोनवर सांगितलंत."

पंचा हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "यजमान हसत होते. कुकर लावता का म्हणाले, माझ्या तोंडावर. पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान आहेत ते."

"मला सांगायचं होतं."

"तू काय केलं असतंस? रडली असतीस."

"आणि भात करपला तेव्हा?"

"तेव्हा त्याचा याच्याशी काही संबंध असेल, असं नाही वाटलं मला."

"मी म्हटलं होतं, सातवर थांबतंय."

हे ओले पाय फरशीवर तसेच ठेवून उभे राहिले. मी आत जाऊन पानं घेतली. वाढलं. जेवले. मीही जेवले.

आठवड्याभरात डोकं पुन्हा हलकं झालं. पलीकडच्या गल्लीतल्या बाईंना यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या यायच्या थांबल्या. एका सकाळी पितळी पातेलं पाटाशेजारी घासून ठेवलेलं होतं आणि हे दारात उभे राहून म्हणाले, "आज पाचजण आहेत. भात जरा जास्त टाक." मी स्नान करून बसले. भात नीट झाला. थंडी पडल्यावर हे चौकातून मातीच्या कुल्हडात मलइयो, इथला तो दुधाचा गोड फेस, घेऊन आले, माझ्या एकटीसाठी. मी खाल्लं, चांगलं होतं.

वाऱ्याचा जोर कमी केला ते मी एक वेळ विसरेन. चार लोकांत लाज वाटली, माणूस आहे. मला आळशी म्हणाले, तेही विसरेन. पण त्या दिवशी मी वाती वळताना खुश झाले होते, लेकीला फोनवर सांगितलं होतं. ते कुठे ठेवू, हे मला अजून कळलेलं नाही. लेकीला मी खरं काय ते सांगितलेलं नाही. ती अजून फोनवर मस्करी करते, "बाबा मशीन पुसतात ना गं?" आणि मी म्हणते, "पुसतात."

आता झोपताना बटण दाबलं की पहिल्याच श्वासाला बाराचा वारा येतो. नाकपुड्या फुगतात, क्षणभर जीव घाबरा होतो, मग जमतं. परवा हे शेजारी पडून बघत होते. म्हणाले, "आधी हळूहळू चढायचं, ते बरं होतं ना तुला?"

मी मास्क थोडा उचलून म्हटलं, "हो. बरं होतं."

मग मास्क परत बसवला, कुशीवर वळले, मशीनकडे तोंड केलं. पाटीवर बारा होता. तो मी बघितला, आणि मग डोळे मिटले.